माउंट बफेलोचं ग्रॅनाइट पठार: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी चालण्या-चढण्याची वाट

माउंट बफेलोवर गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते, आणि नवख्यांची फसगत तिथेच होते. पोरेपंका गावातून निघालं की तासाभरात तुम्ही हजारेक मीटर वर आलेले असता. अंगाला घाम नाही, पायाला थकवा नाही. मग साधे बूट, अर्धी बाटली पाणी आणि अंगावर एक टीशर्ट एवढ्यावर लोक कड्याच्या टोकाशी जाऊन उभे राहतात. पठार दिसायला सोपं आहे खरं, पण हवा उंच डोंगराची आहे, कातळ अनोळखी जातीचा आहे आणि सगळ्यात मोठ्या भिंती पायाखाली, नजरेआड आहेत.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्य भागात, मेलबर्नपासून गाडीने साधारण चार तासांवर हे पठार आहे. १८९८ सालापासून इथे राष्ट्रीय उद्यान आहे. प्रवेशाचे पैसे लागत नाहीत. सगळ्यात उंच टोक ‘द हॉर्न’, १,७२३ मीटर. पहिल्या खेपेला कोणत्या क्रमाने जावं, एवढंच इथे सांगतो: आधी चालून पठार कळू द्या, मग जमिनीलगतच्या शिळांवर कातळ कळू द्या, आणि दोर त्यानंतर. पहिल्याच सकाळी दोर खांद्यावर टाकून धावणाऱ्यांची संध्याकाळ बहुधा उतरायची वाट शोधण्यात जाते.

आधी कातळाबद्दल थोडं

हे वाचायचा कंटाळा करू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे. डेव्होनियन काळात, म्हणजे साधारण ३६ ते ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या टप्प्यात, जमिनीच्या पोटात खोलवर शिलारस सावकाश थंड झाला आणि त्याचा ग्रॅनाइट बनला. सावकाश थंड झाल्यामुळे स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला; म्हणून इथला खडक हाताला भरड लागतो. पुढे वरचे गाळाचे खडक झिजून गेले, दाब उतरला आणि ग्रॅनाइट कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटू लागला. गोल घुमट, लांबच लांब उभ्या भेगा, एकमेकांवर तोलून राहिलेल्या प्रचंड शिळा आणि पावसाच्या पाण्याने कोरलेल्या उथळ पन्हळी, हे सगळं त्यातून आलं.

चढणाऱ्याला याचा अर्थ एवढाच की पकडायला कंगोरे कमी आणि पाय टेकायला खरखरीत उतार भरपूर. सह्याद्रीच्या कातळावर हात बसलेला असेल तर पहिला अर्धा दिवस चुकल्याचुकल्यासारखं होईल. हात वर जातो, चाचपडतो आणि त्याला काहीच सापडत नाही. घाबरू नका, उत्तर खाली पायात आहे. त्याच्याकडे येतोच.

पायरी १: हंगाम ठरवा

दक्षिण गोलार्धातले ऋतू उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल हा चालण्याचा आणि चढण्याचा काळ. त्यातही मार्च-एप्रिल मला सगळ्यात पसंत. हवा स्थिर, कातळ थंड, माश्यांचा त्रास कमी. जून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बर्फाचा हंगाम असतो. त्या काळात गाडीत चाकांच्या साखळ्या बाळगणं सक्तीचं असतं आणि हॉर्नकडे जाणारा वरचा रस्ता बंद ठेवतात. पहिली खेप हिवाळ्यात करू नका.

भर उन्हाळ्यात म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत प्रश्न वेगळा: वणवा. २००३ आणि २००६ च्या आगी या डोंगरावरून गेल्या आहेत, आणि रस्त्याच्या कडेला जळक्या, पांढऱ्या पडलेल्या स्नो गमच्या झाडांचे सांगाडे अजून दिसतात. व्हिक्टोरियात आगीच्या धोक्याच्या चार पायऱ्या जाहीर होतात: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटास्ट्रॉफिक. शेवटची पायरी जाहीर झाली की उद्यान बंद. एक्स्ट्रीमच्या दिवशी उद्यान उघडं असलं तरी मी जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका. पठारावरून खाली यायला मोटारीचा रस्ता एकच आहे. फोनवर ‘विकइमर्जन्सी’ हे अ‍ॅप घालून ठेवा आणि ‘टोटल फायर बॅन’ असलेल्या दिवशी उघड्यावर काही पेटवण्याचा विचारही करू नका.

थंडीचा हिशोब साधा आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पोरेपंका सुमारे ३०० मीटरवर आहे आणि पठाराचा बराचसा भाग १,३०० च्या वर, तेव्हा खाली छान ऊब असली तरी वर सहा-सात अंश कमी धरायचे, आणि वारा असला तर त्याहून गार वाटणार. या डोंगररांगेत बर्फ वर्षाच्या कोणत्याही महिन्यात पडू शकतो. टोपी, विंडचीटर आणि एक उबदार थर जानेवारीतही सॅकमध्ये हवाच.

पायरी २: मुक्काम आणि सामान

वर राहायचं तर लेक कटानीच्या काठचा तंबूतळ. तो उन्हाळी हंगामात उघडा असतो आणि जागा पार्क्स व्हिक्टोरियाकडे, म्हणजे उद्यान सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडे, आधी आरक्षित करावी लागते. ईस्टर आणि लांब सुट्ट्यांना आयत्या वेळी काही मिळत नाही. तळं मानवनिर्मित आहे, पण सकाळी त्याच्या काठी बसलं तर ते लक्षातही येत नाही. १९१० सालचं जुनं शॅले, म्हणजे डोंगरावरचं पर्यटक-निवास, गॉर्ज नावाच्या खोल दरीच्या काठावर उभं आहे. ते बाहेरून पाहायचं. खाली पोरेपंका आणि ब्राइटमध्ये राहायची सोय, पेट्रोल, दुकानं सगळं आहे. वर काही विकत मिळेल हे गृहीत धरू नका. टाकी भरून आणि डबे भरूनच घाट चढा.

चालायच्या दिवसासाठी प्रत्येकाकडे हे असावं: दोन ते तीन लिटर पाणी, हेडटॉर्च (दिवसाच्या चालीलाही), कागदी नकाशा किंवा फोनवर उतरवून ठेवलेला नकाशा, शिटी, पावसाचं जाकीट, उन्हाची टोपी, सनस्क्रीन आणि दोन रुंद इलॅस्टिक बँडेज. बँडेज कशाला ते पुढे येईल. ऑस्ट्रेलियाचं ऊन गार वाऱ्यातही भाजून काढतं, आणि फिकट ग्रॅनाइटवरून परतणारं ऊन हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला लागतं. सनस्क्रीन तिथेही लावा. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळून प्या.

मोबाइलची रेंज पठारावर कुठे आहे, कुठे नाही. एका वळणावर चार काड्या, पुढच्या वळणावर शून्य. मुख्य वाटा सोडून जाणार असाल तर आपत्कालीन बीकन भाड्याने घ्या. तो थेट उपग्रहाला संदेश देतो.

पायरी ३: पहिला दिवस पायांचा

पहिल्या दिवशी दोर गाडीतच राहू द्या. सकाळी हॉर्नला जा. पार्किंगपासून जाऊन-येऊन दीड किलोमीटर, शेवटच्या टप्प्यात पायऱ्या आणि लोखंडी कठडे. वरून पठाराचा सगळा पसारा एका नजरेत येतो: कुठे घुमट, कुठे जंगल, कुठे दलदलीचे हिरवे पट्टे, आणि कॅथीड्रल व हंप ही दोन ठळक शिळा-शिखरं. हे दृश्य नीट पाहून घ्या. नंतर धुकं उतरल्यावर दिशा ओळखायला हीच ओळख कामी येते.

मग हंप. कॅथीड्रलशेजारच्या खिंडीतून जाणारी ही वाट लहान आहे, पण माथ्याजवळ उघड्या कातळावरून चालावं लागतं, आणि आपले बूट ग्रॅनाइटवर कसे वागतात ते इथे कळतं. तीव्र उतारावर आपण नकळत मागे रेलतो आणि टाचांवर भार टाकतो. घसरगुंडी तिथेच होते. गुडघे थोडे वाकवा, पावलं छोटी ठेवा, अख्खा तळवा टेकवा, वजन पावलाच्या थेट वर राहू द्या. ‘उतार फार आहे, बसून सरकू’ असं वाटायला लागलं की तोंड कातळाकडे करून, हात टेकून उतरा. बसून सरकण्यात पँटही जाते आणि ताबाही.

दुपारी चॅलवेल गॅलरीज बघा. मोठाल्या शिळा एकमेकींवर कलून त्यांच्यामध्ये अरुंद बोळ तयार झाले आहेत. एके ठिकाणी सॅक काढून पुढे ढकलावी लागते, छाती एका भिंतीला आणि पाठ दुसऱ्या भिंतीला घासत तिरकं सरकावं लागतं. आडदांड माणसांनी श्वास सोडून पुढे व्हावं, भरून नव्हे. गंमत म्हणून करा, पण त्यातून एक गोष्ट शिका: हाताने काहीही न पकडता, निव्वळ पाठ आणि पाय दोन्हीकडे रेटून शरीर अडकवून ठेवता येतं. भेगांमधल्या चढाईचं बीज तेच आहे. बंद जागेची भीती असणाऱ्यांना बाहेरून वळसा घालता येतो. लाजायचं कारण नाही.

वेळ उरला तर डिक्सन फॉल्सची चार किलोमीटरची सपाट चाल करा. वाटेत शेवाळी दलदलीचे पट्टे लागतात. त्यांत पाय घालू नका. हे शेवाळ डोंगराचं पाणी धरून ठेवतं आणि एकदा तुडवलं गेलं की सावरायला फार वर्षं लागतात.

पायरी ४: बिग वॉक करायचा का?

अंगात दम असेल तर करा, आणि दुसऱ्या दिवशी करा. युरोबिन क्रीकच्या पिकनिक मैदानापासून गॉर्जपर्यंत साधारण ११ किलोमीटर आणि हजारेक मीटरची चढण. चार ते पाच तास धरा. खाली उंच निलगिरीचं जंगल, मग अल्पाइन अ‍ॅशचे सरळसोट बुंधे, मग वाकडेतिकडे स्नो गम, आणि मध्ये मध्ये उघडे कातळ. गाडीने घाट चढताना एका झटक्यात मागे पडतं ते सगळं इथे पायाखालून जातं. वर दुसरी गाडी लावून ठेवली तर उत्तम. नाहीतर तेवढंच खाली उतरायचं आहे हे चढताना विसरू नका. माझ्या मते ज्याने बिग वॉक केला त्यालाच पठाराची उंची कळली. बाकी सगळे तिथे पाहुणे.

या वाटांवर पर्यटकांना नेणारी माणसं शंभर वर्षांपूर्वीही होती. त्यांत अ‍ॅलिस मॅनफील्ड, सगळे तिला गाइड अ‍ॅलिस म्हणत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे वाटाड्याचं काम करायची. बायकांनी घोळदार झग्यात फिरायचं ते दिवस, आणि ही स्वतः बेतलेली विजार घालून डोंगर चढायची. कपडे कामाला साजेसे हवेत, लोकांच्या नजरेला नव्हेत, हे तिला तेव्हा कळलं होतं. चढाईला आजही लांब, जाड कापडाची पँट घाला. भरड ग्रॅनाइटवर उघडा गुडघा एकदा घासला की का ते समजतं.

पायरी ५: जमिनीलगत कातळ शिका

आता क्लाइंबिंग शूज बाहेर काढा, दोर अजून नको. तंबूतळाच्या आसपास कमरेएवढ्या, छातीएवढ्या शिळा भरपूर आहेत. खाली सपाट माती असलेली, कललेली एक शिळा निवडा आणि हात पाठीमागे बांधून तिच्यावर चालून पाहा. हा खेळ वाटतो, पण ग्रॅनाइट शिकायची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

पाय ठेवण्याआधी खाली बघा. स्फटिकाचा एखादा दाणा बाहेर आलेला असतो, वाटाण्याहूनही लहान. किंवा उतारात जेमतेम बोटभर जागा किंचित सपाट असते. बुटाचा पुढचा भाग तिथे टेकवा, टाच खाली सोडा, म्हणजे रबराचा जास्तीत जास्त भाग कातळाला चिकटेल. मग पावलावर पूर्ण भार द्या. अर्धवट भार दिलेला पाय घसरतो. पूर्ण भार दिलेला बहुधा टिकतो. मनाला हे पटायला वेळ लागतो, म्हणूनच ते जमिनीपासून हातभर उंचीवर शिकायचं. पोट कातळाला चिकटवू नका. घाबरलं की शरीर कातळाला मिठी मारायला जातं, कंबर आत जाते, वजन पावलांवरून सुटतं आणि पाय निसटतात. कंबर बाहेर, नजर पायांकडे, पावलं लहान.

काळपट पट्टे टाळा. पावसाचं पाणी जिथून वाहतं तिथे शेवाळ आणि दगडफूल धरतं. कोरडं असताना कसंबसं चालतं, ओलं झालं की तिथे उभंही राहता येत नाही. पावसानंतर घुमट वरून लवकर वाळतो, पण पन्हळींमधून पाणी बराच वेळ झिरपत राहतं. आणि भर दुपारी तापलेल्या कातळावर रबर मऊ पडतं, बोटांना घाम येतो. सकाळी लवकर किंवा सावलीच्या बाजूला चढा. बूट घट्ट असावेत, पण बोटं दुमडून दुखतील इतके नकोत; उतारावर चालताना बोटं सरळ असलेलीच बरी.

भेगा हा दुसरा धडा. हाताएवढी रुंद भेग दिसली की पंजा सरळ आत घाला, अंगठा तळव्यात वळवा आणि मूठ आवळल्यासारखा पंजा फुगवा. भिंतींमध्ये तो अडकून बसतो. याला जॅम म्हणतात. पाय तिरका घालून पिळला की तोही अडकतो. पहिल्या दिवशी दुखतं आणि हाताच्या पाठीची सालटी निघतात. हातावर चिकटपट्टीचे थर गुंडाळून घ्या. बफेलोच्या बऱ्याच भेगा आतून बाहेरच्या दिशेला फाकत जातात, त्यामुळे जॅमही निसटता आणि भेगेत बसवलेलं सुरक्षेचं साधनही बेभरवशाचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, लगेच लागेल.

पायरी ६: दोर, पण जाणकाराच्या हाताखाली

लेख वाचून दोराची चढाई शिकता येत नाही, आणि हा लेखही त्याला अपवाद नाही. पहिल्यांदा परवानाधारक मार्गदर्शक किंवा खरोखर अनुभवी मित्र हवा. जिममध्ये, कृत्रिम भिंतीवर, वर्षभर चढलेला मित्र म्हणजे बाहेरच्या कातळावरचा अनुभवी मित्र नव्हे. तुम्ही टॉप रोपवर चढा, म्हणजे दोर वरून येतो आणि घसरलात तरी सहसा फार खाली जात नाही.

तुमच्याकडे हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), हेल्मेट, बूट, एक बिले डिव्हाइस (चढणाऱ्याचा दोर खालून धरायचं साधन) आणि दोन लॉक होणारे कॅराबिनर (धातूच्या कड्या) असले की पुष्कळ झालं. बाकीचं सामान नेणाऱ्याचं. हेल्मेट खाली उभं असतानाही डोक्यावर हवं. वरून येणारा दगड कोण चढतंय आणि कोण फोटो काढतंय हे बघत नाही. निघण्याआधी दोघांनी एकमेकांची तपासणी करायची, डोळ्यांनी नव्हे, हाताने: हार्नेसचं बक्कल ओढून पाहा, फिगर-एट गाठीचे दोन्ही दोर बोटाने मोजा, दोर हार्नेसच्या बरोबर जागेतून गेला आहे ना ते पाहा, बिलेवाल्याचा कॅराबिनर दाबून लॉक झाला आहे याची खात्री करा. रोज चढणारी माणसंही प्रत्येक वेळी हे करतात. जी करत नाहीत त्यांच्याबरोबर जाऊ नका.

वाऱ्यात हाका ऐकू येत नाहीत. घुमटाच्या फुगवट्यापलीकडे माणूस दिसतही नाही. जमिनीवर असतानाच दोराच्या झटक्यांच्या खुणा ठरवून घ्या.

आता श्रेणीबद्दल. ऑस्ट्रेलियात चढाईच्या अवघडपणाला नुसता एक आकडा असतो. गिर्यारोहक जॉन यूबँक यांनी १९६० च्या दशकात आणलेली ही पद्धत. १ पासून सुरू होते आणि वर मोकळी आहे. नवख्याने ८ ते १३ च्या दरम्यानचे मार्ग पाहावेत. अमेरिकन पद्धतीतला ५.९ म्हणजे इथे साधारण १७. या आकड्यात चालीचा अवघडपणा, लांबी, कातळाचा दर्जा, सुरक्षेची सोय, सगळं एकत्र धरायचं असा मूळ हेतू होता. व्यवहारात लोक तांत्रिक अवघडपणच बघतात. म्हणून जिममधला १५ आणि बफेलोवरच्या उघड्या उतारावरचा १५ यांची तुलना करू नका. इथल्या जुन्या स्लॅबवर, म्हणजे उघड्या कललेल्या कातळावर, दोर अडकवायला ठोकलेले बोल्ट फार लांब लांब आहेत. मार्ग सोपा असेल, पण दोन बोल्टांच्या मध्ये पाय सुटला तर खरखरीत कातळावरून मोठी घसरण होते. त्यामुळे ‘आकडा छोटा आहे, लीड करतो’, म्हणजे वरून दोर नसताना पहिला चढतो, हा विचार पहिल्या हंगामात डोक्यातून काढून टाका. स्वतः बोल्ट ठोकणं तर अजिबात नाही. कुठला भाग बंद आहे, कुठे नियम बदलले आहेत हे निघण्यापूर्वी पार्क्स व्हिक्टोरियाच्या सूचनांमध्ये बघून घ्या.

गॉर्ज: आत्ता फक्त बघा

शॅलेसमोरच्या कठड्यापाशी उभं राहिलं की पठार एकदम संपतं. क्रिस्टल ब्रूकचं पाणी काठावरून खाली झोकून देतं, आणि समोर नॉर्थ वॉल दिसते, अडीचशे मीटरहून उंच, सलग ग्रॅनाइट. १९६९ साली ख्रिस बॅक्स्टर आणि ख्रिस ड्यूहर्स्ट यांनी या भिंतीवर ‘ऑझिमँडियस’ हा मार्ग काढला. साधनांवर भार देत चढायच्या मार्गांत देशातला तो सगळ्यात नावाजलेल्यांपैकी एक.

या जागेची खरी खुबी क्रमात आहे. नेहमीच्या कड्यावर तुम्ही खालून चढता आणि जमलं नाही तर खाली येता. इथे गाडी वर असते, आधी दरीत उतरून भिंतीच्या पायथ्याशी जायचं आणि घरी जाण्यासाठी चढून वर यायचं. दमलात, पाऊस आला, अंधार पडला, तरी वाट वरच्याच बाजूला. म्हणून गॉर्जमधले मोठे मार्ग स्वतःहून निदान दोन-चार दोरांच्या लांबीचे मार्ग दुसऱ्या ठिकाणी केल्याशिवाय हाती घेऊ नका. मार्गदर्शकाबरोबर इथे रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, करता येतं, जरूर करा. त्यात मात्र एकच नियम जिभेवर ठेवा: दोराच्या दोन्ही टोकांना गाठ. गाठ नसलेल्या टोकावरून सरळ खाली गेलेल्यांमध्ये नवखेच नव्हे, सराईतही असतात.

कठडा ओलांडून फोटो काढणाऱ्यांकडे बघून मोह झाला तर काठावरची बारीक, सुटी रेव बघा. ग्रॅनाइट झिजून त्याचे गोल दाणे होतात. सपाट कातळावर ते असले की बुटाखाली दाणे फिरतात, आणि बूट कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

पायरी ७: काही बिघडलं तर

विजांचं वादळ उन्हाळ्यात बहुधा दुपारनंतर येतं. ढग काळे होऊन वर वर चढू लागले की माथे आणि एकटी झाडं सोडा, खाली या. गडगडाट ऐकू आला म्हणजे उशीर झालेला आहे. दोन शिळांच्या फटीत किंवा कपारीच्या तोंडाशी आसरा घेऊ नका. वीज कातळावरून वाहत तिथे उडी मारते. म्हणून अवघड काम सकाळी उरकायचं आणि दुपारी तळ्याकाठी यायचं.

धुक्यात वाट चुकली तर भटकू नका. स्नो गमचं जंगल सगळीकडून सारखंच दिसतं. थांबा, गरम कपडे चढवा, नकाशा काढा. शेवटची खूण कुठे दिसली ते आठवत नसेल तर तिथेच राहून शिटीचे तीन-तीन फुंकर मारा.

साप आहेत: टायगर स्नेक आणि कॉपरहेड, दोन्ही विषारी. उन्हाळ्यात ते उबदार कातळावर आणि वाटेवर पडलेले असतात. शिळेच्या वरच्या काठावर न बघता हात टाकू नका. चावलाच तर त्या माणसाला जागचं हलू देऊ नका. आता ते रुंद बँडेज काढा: चावलेल्या जागेवरून सुरू करून अख्ख्या हाताला किंवा पायाला घट्ट गुंडाळा, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तेवढं घट्ट, आणि काठी बांधून तो अवयव स्थिर करा. जखम धुऊ नका, कारण कातडीवरच्या विषावरून कोणतं प्रतिविष द्यायचं ते ठरवायला रुग्णालयाला मदत होऊ शकते. कापणं, चोखणं, आवळून दोरी बांधणं यातलं काहीही करू नका. मग ०००.

तीन शून्य हाच इथला आपत्कालीन क्रमांक. ‘इमर्जन्सी प्लस’ अ‍ॅप असेल तर ते तुमचे अक्षांश-रेखांश दाखवतं. तेच वाचून सांगा. रेंज नसेल आणि जीवाला धोका असेल तर बीकन सुरू करा आणि एकदा सुरू केल्यावर बंद करू नका. मदत यायला तास लागतात, कड्यावरून माणूस काढायला त्याहून जास्त. त्या वेळात माणूस थंडीने गारठू नये हे तुमचं काम. बसायला खाली दोराची चुंबळ द्या, अंगावर असेल नसेल ते घाला.

कचऱ्याबद्दल एकच: शौचालय असेल तिथे तेच वापरा, नसेल तर पाण्यापासून शंभर पावलं दूर वीतभर खड्डा आणि वापरलेला कागद पिशवीत परत. कपारींमध्ये उन्हाळ्यात बोगाँग पतंग दाटीवाटीने बसलेले दिसतात. इथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यासाठी या डोंगरावर जमत असत. पतंगांवर टॉर्च रोखून धरू नका, हात लावू नका. कुत्र्याला राष्ट्रीय उद्यानात आणता येत नाही, गाडीत ठेवूनही नाही.

निघताना कोणाकडे तरी लिहून ठेवा: कोण कोण जातंय, कोणती वाट, गाडीचा नंबर, किती वाजेपर्यंत परत, आणि त्यानंतर किती वेळ वाट बघून ००० ला फोन करायचा. उतरल्यावर पोरेपंकाला रेंज आली की पहिला मेसेज त्यांना. तो विसरलात तर तुम्ही खाली निवांत जेवत असताना वर टॉर्च घेऊन लोक तुमच्या नावाने हाका मारत फिरतील.